रुग्णाच्या उशाशी

वाचकहो, संसाराच्या अनेक प्रसंगांची तयारी आपण वर्षानुवर्षे करीत असतो. लग्नकार्य, मुलांचे शिक्षण, घराचे बांधकाम, म्हातारपणाची पुंजी, यांचा हिशेब प्रत्येक कुटुंबात होतो. परंतु आपल्या जोडीदाराला इस्पितळातील खाटेवर दिवसामागून दिवस काढावे लागले, तर त्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाने नेमके काय करावे, याचे शिक्षण आपल्याला सहसा कोणी देत नाही. आपल्या घरांतून हे काम पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी केले, आणि ते मुकाट्याने केले. पुरुषाच्या वाट्याला औषधे आणणे, पैसे भरणे आणि बाहेरच्या बाकावर चिंताग्रस्त मुद्रेने बसणे एवढेच आले. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ही वाटणी माझ्यापुरती मोडली. त्या चोवीस दिवसांत मला जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवावे असे वाटते.

आपल्या प्राचीन वैद्यकाने या कामाला फार मोठे स्थान दिले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि स्वतः रोगी. प्रत्येकाचे चार गुण, म्हणजे एकूण सोळा. उपस्थात्याचे चार गुण असे: उपचारांचे ज्ञान, कामातील दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. यांत अनुराग हा एकटाच गुण नाही, याकडे माझे लक्ष अलीकडेच गेले. केवळ प्रेम असून भागत नाही. त्याच्या जोडीला जाण, हातातील कसब आणि स्वच्छताही लागते. माझ्या अनुभवाची मांडणी करण्यास या चार गुणांइतका सोयीचा आधार मला दुसरा सापडत नाही.

आता हकिगत. आम्ही गेली चाळीस वर्षे इंदुरात स्थायिक आहोत. माझ्या चौसष्ट वर्षांच्या पत्नीला पित्ताशयातील खड्यांचा त्रास होता. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करावयाची ठरली. ही पद्धत आता इतकी रूढ झाली आहे की, लोक तिच्याविषयी दाढदुखीइतक्या सहजतेने बोलतात. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि भारतात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये ही शस्त्रक्रिया केली. पोटावर चार लहान छिद्रे आणि दोन दिवसांत घरी, हा आता नित्याचा क्रम आहे. माझी पत्नीही तिसऱ्या दिवशी घरी आली. चौथ्या दिवशी सायंकाळी तिच्या पोटात कळा येऊ लागल्या, अंगात ताप भरला, पोट फुगले. घरी जाताना मिळालेल्या कागदावर या तीनही लक्षणांखाली 'ताबडतोब परत या' असे लिहिलेले होते. अर्ध्या तासात आम्ही पुन्हा इस्पितळात होतो.

काय झाले होते, ते सर्जननी कागदावर आकृती काढून समजावले. यकृत रोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. ते एका मुख्य नलिकेतून आतड्यात उतरते. पित्ताशय ही त्या वाटेवरची छोटी साठवणीची पिशवी. ती काढताना तिला जोडणाऱ्या नळीचे तोंड चिमट्यांनी बंद करतात. थोड्या रुग्णांमध्ये ते तोंड पुरते मिटत नाही, किंवा यकृताच्या पृष्ठभागावरील एखादी अतिसूक्ष्म नलिका उघडी राहते, आणि पित्त पोटाच्या पोकळीत झिरपू लागते. माझ्या पत्नीच्या पोटात असे पित्त साठले होते. उपाय दोन. पहिला, त्वचेतून एक निचऱ्याची नळी घालून साठलेले पित्त बाहेर काढणे. दुसरा, तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन मुख्य पित्तनलिकेत प्लॅस्टिकची बारीक नळी बसविणे. तिला स्टेंट म्हणतात आणि त्या प्रक्रियेला ई.आर.सी.पी. आतड्याच्या तोंडाशी एक आकुंचन पावणारी गाठ असते, तिच्यामुळे नलिकेतील दाब वाढतो. स्टेंटमुळे तो दाब उतरतो, पित्त सोप्या वाटेने खाली जाते आणि गळतीची जागा आपोआप मिटत येते. हे दोन्ही उपाय झाले. परंतु तोवर जंतुसंसर्ग रक्तात पोहोचला होता. पाच दिवस तिला अतिदक्षता विभागात काढावे लागले. त्यांपैकी दोन रात्री अशा होत्या की, डॉक्टर 'सांगता येत नाही' यापलीकडे काही बोलत नव्हते.

अशा वेळी मनात पहिला प्रश्न उठतो तो हा की, चूक कोणाची? पुण्याहून मुलगी आणि बंगळूरहून मुलगा फोनवर हेच विचारीत होते. नातलगांपैकी काहीजण तर निकाल देऊन मोकळे झाले होते. वाचकहो, शस्त्रक्रियेतील गुंतागुंत आणि निष्काळजीपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. पित्तगळती हा या शस्त्रक्रियेचा ज्ञात धोका आहे. संमतिपत्रात तो नमूद होता आणि ते मी वाचून सही केली होती. कोठे हयगय झाली की काय, हे कागदपत्रांवरून शांतपणे ठरविता येते. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास उपचारांचे कागद ७२ तासांच्या आत द्यावे लागतात. ते मी मागितले आणि मिळालेही. परंतु रुग्ण तापाने फणफणत असताना खाटेशेजारी न्यायासन मांडण्यात अर्थ नसतो. म्हणून मी मुलांना सांगितले, "आज आपल्याला तीनच प्रश्न विचारायचे आहेत. काय झाले आहे? आता काय करणार आहात? आणि कोणती चिन्हे दिसली तर आम्ही घाबरावे?" या तीन प्रश्नांची उत्तरे डॉक्टर दररोज देत गेले. पुढे कागद वाचून आमचेही समाधान झाले.

येथूनच उपचारांचे ज्ञान हा पहिला गुण सुरू होतो. शुश्रूषा करणाऱ्याने डॉक्टर व्हावयाचे नसते. परंतु काय चालले आहे हे त्याला ठाऊक असले पाहिजे. मी एक शंभर पानी वही विकत आणली. रोज एक पान. त्यावर तारीख, ताप, नाडी, लघवीचे प्रमाण, निचऱ्याच्या पिशवीत जमलेले पित्त, बदललेली औषधे आणि डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न. पहिल्या दिवशी त्या पिशवीत चारशे मिलिलिटर शेवाळी रंगाचा द्रव होता. मग तीनशे, एकशे ऐंशी, साठ, आणि एके सकाळी केवळ दहा. परीक्षेचा निकालही मी कधी इतक्या उत्सुकतेने वाचला नसेल. वहीचा प्रत्यक्ष उपयोगही झाला. पाळी बदलताना परिचारिका बदलतात, रात्रीचे डॉक्टर दिवसाच्या डॉक्टरांहून वेगळे असतात. त्या सर्वांमधला अखंड धागा रुग्णाचा माणूसच असतो. एका औषधाने पत्नीच्या अंगावर पूर्वी पुरळ उठले होते. ते वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवले होते, म्हणून मध्यरात्री घाईने औषध लिहिले जात असताना मला ते लगेच दाखविता आले.

रक्तातील जंतुसंसर्गाची चिन्हेही प्रत्येक कुटुंबाने जाणून ठेवावीत: थंडी वाजून ताप येणे किंवा उलट अंग गार पडणे, श्वास व नाडी जलद होणे, लघवी कमी होणे, आणि बोलण्यात गोंधळ उडणे. यांपैकी काही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. येथे तासांना किंमत असते.

दुसरा गुण शुचितेचा. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याचा नियम घातला आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. त्यांच्या हयातीत त्यांना मान मिळाला नाही, पण आज सारे वैद्यक तो नियम पाळते. आपण रुग्णाचे नातलग मात्र बाहेरून येतो, चपला काढतो आणि सरळ त्याच्या कपाळावर हात ठेवतो. मी खोलीच्या दाराशी साबण आणि हात पुसण्याचे कागद ठेवले. येणाऱ्याने वीस सेकंद हात धुतल्यावाचून खाटेजवळ जाऊ नये, असा दंडक घातला. सर्दीपडसे असणाऱ्यांना फोनवरूनच भेटण्याची विनंती केली. एक ज्येष्ठ आप्त थोडे रुसले. मी त्यांना म्हटले, "काका, तुमचा आशीर्वाद तिला फोनवरूनही पोहोचेल, तुमचा खोकला मात्र येथे पोहोचू नये." ते हसले आणि रोज सायंकाळी न चुकता फोन करू लागले.

तिसरा गुण दक्षतेचा. अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत आल्यावर पत्नीच्या अंगात कूस बदलण्याचेही बळ नव्हते. खाटेवर पडून राहणे म्हणजे विश्रांती, अशी आपली समजूत असते. वस्तुतः शस्त्रक्रियेनंतर निश्चल पडून राहण्यात मोठे धोके आहेत. फुफ्फुसांच्या तळाशी कफ साचतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. पायांच्या शिरांत रक्त गोठून त्याची गुठळी फुफ्फुसांपर्यंत जाऊ शकते. पाठीवर व टाचांवर दाबाचे व्रण पडतात. तेव्हा जागेपणी दर तासाला तीन चेंडूंच्या त्या यंत्रातून दहा वेळा श्वास ओढविणे, पावले वरखाली करविणे आणि दर दोन तासांनी कूस बदलविणे, हा आमचा नेम झाला. खोकताना पोटाला हिसका बसू नये म्हणून एक लहान उशी पोटाशी घट्ट धरावयाची, हे तेथील केरळच्या सिस्टरनी शिकविले. युक्ती साधी, पण तिने पत्नीची खोकण्याची भीती गेली. पहिल्या दिवशी ती खुर्चीवर पाच मिनिटे बसली. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत चालली. पाचव्या दिवशी व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या खिडकीशी पोहोचली आणि बाहेरचे कडुलिंबाचे झाड पाहून म्हणाली, "अहो, पाने गळायला लागली की!" एका व्हरांड्याची लांबी किती मोठी असू शकते, हे मला त्या दिवशी कळले.

राहिला अनुराग. त्याची खरी कसोटी अतिदक्षता विभागात लागली. तिसऱ्या दिवशी मी आत गेलो तेव्हा पत्नीने मला ओळखले, परंतु ती इंदुरात नव्हतीच. ती वाईला, कृष्णेच्या घाटाजवळच्या आपल्या माहेरी होती. "अहो, ते कपडे काढा ना दोरीवरून. पाऊस येतोय. आई रागावेल." तिची आई जाऊन एकोणीस वर्षे झाली होती. माझ्या पोटात गोळा उठला. हिची बुद्धी कायमची गेली की काय, असे वाटले. तेथील डॉक्टरांनी धीर दिला. गंभीर आजारात, विशेषतः उतारवयात, असा भ्रम पुष्कळांना होतो. जंतुसंसर्ग, वेदना, झोपेचा अभाव, काही औषधे आणि रात्रंदिवस पेटलेले दिवे ही त्याची कारणे. आजार उतरला की, तोही बहुधा उतरतो. ते म्हणाले, "त्यांचा चष्मा आणा. घड्याळ दिसेल असे ठेवा. दिवसा बोला, रात्री झोपू द्या. वाद घालू नका, पण खरे तेच सांगा."

घरून चष्मा आणून मी तो तिच्या डोळ्यांवर चढविला. तिचा हात हातात घेऊन सांगू लागलो, "आज बुधवार. आपण इंदुरात, इस्पितळात आहोत. तुझे पोट बरे होते आहे. मी येथेच आहे." भेटीच्या प्रत्येक वेळी हीच चार वाक्ये. तीन दिवस ती मधूनमधून घाटावर जात असे आणि परत येत असे. चौथ्या दिवशी तिने घड्याळाकडे पाहिले आणि विचारले, "अकरा वाजले. तुम्ही जेवलात का?" वाचकहो, इतके मधुर वाक्य मी संबंध आयुष्यात ऐकले नव्हते.

चरकांनी रोग्याच्या गुणांत आपली व्यथा सांगता येणे हाही एक गुण मानला आहे. रोग्याला ते जमेनासे होते, तेव्हा त्याचा आवाज आपण व्हावयाचे असते. तिला कोणत्या कुशीवर झोप लागते, वेदना झाल्या तरी ती बोलून दाखवीत नाही, ओठ मात्र घट्ट मिटते, या गोष्टी कोणत्याही यंत्राच्या पडद्यावर दिसत नाहीत. त्या मी सिस्टरना सांगितल्या आणि त्यांनी त्या मनावर घेतल्या.

पुढे साध्या खोलीत एक वेगळेच संकट उभे राहिले. शरीर सावरू लागले आणि मन खचले. तोंडाने काही घेण्यास बंदी होती, हातात सुई, पोटात नळी. "अहो, पुरे झाले आता. मला घरी न्या, मग जे व्हायचे ते होवो," असे ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. अशा वेळी 'सर्व काही ठीक होईल' हे शब्द पोकळ वाटतात. मी वही उघडली आणि पित्ताचे आकडे तिला वाचून दाखविले. ती शाळेत गणित शिकवीत असे. आकड्यांवर तिचा विश्वास आहे. "म्हणजे चार दिवसांत निम्म्याहून कमी," ती पुटपुटली. डॉक्टरांना विचारून मी तिचे ओठ ओल्या कापसाने पुसू लागलो आणि दिवसातून चार वेळा चूळ भरवू लागलो. तिच्या लांब केसांचा गुंता झाला होता, तो मी दोन सकाळी बसून सोडविला. वेणी घालणे मला येत नव्हते. त्याच सिस्टरनी तीन पदर कसे फिरवावे ते दाखविले. पूर्ण झालेली वेणी आरशात पाहून पत्नी कित्येक दिवसांनी हसली, उशी पोटाशी धरून हसली. "अशी वेणी घालून मला लग्नाला उभी केली असती, तर तुम्हीच मांडवातून पळाला असता!" तिचे हसणे औषधांच्या यादीत नव्हते, परंतु त्या रात्री ती सलग सहा तास झोपली.

शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःचाही विचार करावा, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. मला रक्तदाब आहे. माझी गोळी, दोन वेळचे जेवण आणि रात्रीची पाच तास झोप हा मी उपचारांचाच भाग मानला. शेजारच्या भाभींनी "भाईसाहब, टिफिन हमारे यहाँ से आएगा" असे म्हटले, तेव्हा संकोच न करता मी होकार दिला. मुलगी आल्यावर रात्र तिची, दिवस माझा, अशी पाळी लावली. 'काही मदत लागली तर सांगा' असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी एकेक नेमके काम दिले: एकाला विम्याचे कागद, एकाला घरच्या कुंड्यांना पाणी, एकाला नातलगांना रोज एकदा बातमी कळविणे. लोकांच्या मनात मदत करण्याची इच्छा असते. काय करावे एवढेच त्यांना ठाऊक नसते. खर्चाच्या बाबतीत तर लवकर चौकशी करावी. आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून पात्र कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत इस्पितळातील उपचार मिळतात आणि २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील वयाच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ती खुली झाली आहे. ही चौकशी निरोगी असतानाच करून ठेवणे उत्तम.

घरी परतल्यानंतर आजार संपला असे समजू नये. पत्नीच्या पित्तनलिकेतील स्टेंट सहा आठवड्यांनी काढावयाचा होता. ही नळी बाहेरून दिसत नाही, टोचत नाही, आणि म्हणूनच तिचा विसर पडतो. प्लॅस्टिकचा स्टेंट काही महिन्यांत तुंबतो. मग कावीळ आणि पुन्हा जंतुसंसर्ग. मी ती तारीख स्वयंपाकघरातील कालनिर्णयवर तांबड्या शाईने लिहिली. त्या दिवशी तो काढला गेला आणि गळती पूर्ण मिटली होती. मधल्या काळात कमी तेलाचे, थोडे थोडे पण अधिक वेळा जेवण द्यावयाचे होते. मऊ भात, मुगाचे वरण, ताक आणि दुधीची भाजी एवढे पदार्थ मला उत्तम येऊ लागले आहेत. फोडणीविषयी तिच्या सूचना अजून चालू असतात.

मनाच्या जखमेला मात्र पोटाच्या जखमेहून अधिक वेळ लागला. दोन महिने तिला रात्री यंत्रांचे आवाज ऐकू येत, आणि मला फोन वाजला की धडधडत असे. याची लाज बाळगू नये. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणीही निःशुल्क बोलू शकतो. आम्ही दोघेही बोललो. आधी ती, मग मी.

वाचकहो, विशेषतः माझ्या वयाच्या पुरुष वाचकहो, आपली पत्नी धडधाकट आहे तोवरच तिची औषधे, तिची ॲलर्जी, तिच्या झोपेच्या सवयी, तिच्या चष्म्याची जागा यांची माहिती करून घ्या. एक वही घाला. वरणभात शिका. जमल्यास वेणीही शिका. वैद्य आणि औषध पैसे मोजून मिळतात. परंतु चौथऱ्याचा हा एक पाय घरातूनच यावा लागतो, आणि तो स्त्रीचाच असावा असे चरकांनी कोठेही म्हटलेले नाही.